रेषीय कणवेगवर्धकाचें आद्यत्व आणि शलाकामापनाचा पुरावा

कोणत्याहि शोधाचें आद्यत्व ठरवितांना एक जुनाच वाद पुन्हां पुन्हां उभा राहतो. ज्याच्या मनांत कल्पना प्रथम उद्भवली तो आद्य, कीं ज्यानें ती प्रमाणानें सिद्ध करून दाखविली तो आद्य ? प्रस्तुत लेखांत हा वाद ज्या शोधासंबंधानें मांडावयाचा आहे तो या त्रैमासिकाच्या वाचकांस कदाचित् परका वाटेल. सनदा, महजर आणि कैफियती यांच्या पंक्तीस रेषीय कणवेगवर्धक हें यंत्र आणून बसविणें धाडसाचें खरें. परंतु तपासावयाचा प्रश्न आपल्याच शास्त्रांतला आहे. बखरकार सांगतो तें प्रमाण मानावें, कीं अस्सल कागदावरून निघेल तें, हाच तो प्रश्न होय. फरक इतकाच कीं, येथील अस्सल कागद म्हणजे एका शलाकेचें मापन आहे.

प्रथम यंत्राविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांत कर्करोगावर किरणोपचार करण्याचें जें यंत्र 'लिनॅक' या नांवानें ओळखलें जातें, तें याच कुळांतलें. विद्युद्भार असलेले सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, प्रोटॉन किंवा आयन, सरळ रेषेंत धाडून त्यांचा वेग वाढवीत नेणें हें त्याचें काम. अशा कणांच्या बारीक झोतास शलाका म्हणतात. कणास ऊर्जा द्यावयाची तर त्यास विद्युत् दाबाच्या उतारावरून खालीं सोडावें लागतें. दहा लाख व्होल्टांइतकी ऊर्जा हवी असेल तर दहा लाख व्होल्टांचा दाब उत्पन्न करणारें आणि तो सोसणारें साधन पाहिजे. आणि १९२० नंतरच्या वर्षांत सर्व प्रयोगशाळांची अडचण होती ती हीच. दाब वाढवीत गेलें कीं ठिणगी पडे, काच फुटे आणि प्रयोग तेथेंच संपे.

यावर युक्ति अशी कीं, दाब थोडाच घ्यावा, पण तो एकाच कणास पुन्हां पुन्हां द्यावा. धातूच्या पोकळ नळ्या निर्वातांत एका ओळीनें मांडाव्या आणि त्यांस उलटसुलट होणारा विद्युत् दाब जोडावा. दोन नळ्यांमधील फटींत कणास ढकल मिळते. तो नळीच्या पोटांत शिरला कीं तेथें विद्युत् क्षेत्र पोंचत नाहीं, आणि तो आंत आहे तोंच बाहेरचा दाब उलटतो. म्हणून पुढच्या फटींत तो बाहेर येतो तेव्हां त्यास पुन्हां पुढच्याच दिशेनें ढकल मिळते. झोपाळ्यास वेळ साधून झोका द्यावा तसेंच हें; फक्त येथील झोपाळा मागें परतत नाहीं, आणि झोका देणारे हात वाटेवर जागोजाग उभे असतात.

ही युक्ति पहिल्यानें छापून प्रसिद्ध केली ती स्वीडनमधील गुस्ताफ इसिंग यांनीं, इ. स. १९२४ मध्यें. याविषयीं कोणाचाहि मतभेद नाहीं. तेव्हां पूर्वपक्ष करणारा म्हणतो कीं, मग प्रश्न उरलाच कोठें ? इसिंग हेच आद्य. त्यांच्या लेखांत नळ्यांची ओळ आहे. ठिणगीनें उत्पन्न केलेला विद्युत् तरंग कमीअधिक लांबीच्या तारांतून निरनिराळ्या नळ्यांपर्यंत वेळेवर पोंचविण्याची योजना आहे. सर्व कांहीं आहे. नाहीं तें एकच. अशा यंत्रांतून बाहेर पडलेल्या कणांची ऊर्जा किती भरली, याचा आंकडा त्यांत नाहीं. यंत्र चालवून दाखविलेलें नव्हतें, म्हणून शलाका नव्हती. आणि शलाका नव्हती, म्हणून मापनहि नव्हतें.

दुसऱ्या बाजूस रोल्फ विडेरो हे उभे आहेत. यांचा जन्म ११ जुलै १९०२ रोजीं नॉर्वेच्या राजधानींत झाला. विद्युत् अभियांत्रिकी शिकण्याकरितां ते जर्मनींत कार्ल्सरूह येथें गेले. तेथें १९२३ मध्यें त्यांनीं आपल्या वहींत एका निराळ्याच यंत्राचीं टिपणें केलीं आहेत. बदलत्या चुंबकीय क्षेत्रानें इलेक्ट्रॉनांस वर्तुळांत फिरवून वेग द्यावा, असें तें यंत्र. त्यास त्यांनीं दिलेल्या जर्मन नांवाचा अर्थ 'किरण-रोहित्र' असा होतो. तेथील प्राध्यापक गेडे यांस ही कल्पना पटली नाहीं. नळींत उरलेल्या हवेंतच सर्व इलेक्ट्रॉन जिरून जातील, असें त्यांचें म्हणणें पडलें. मग विडेरो आखेन येथें प्राध्यापक रोगोव्स्की यांच्याकडे गेले आणि तेथें हें किरण-रोहित्र त्यांनीं प्रत्यक्ष उभारलें. तें चाललें नाहीं. इलेक्ट्रॉन वाट चुकून काचेच्या भिंतीवर बसत, तेथें विद्युद्भार साठे आणि मागून येणारे कणहि भरकटत. दोन फेरेहि पुरे होईनात. प्रबंध तर पुरा करावयाचा होता. तेव्हां इसिंग यांचा लेख त्यांच्या उपयोगीं आला. येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. फसलेला भाग त्यांनीं प्रबंधांतून गाळला नाहीं. तो आणि साधलेला भाग दोन्ही एकाच प्रबंधांत आहेत, आणि इसिंग यांचें ऋणहि तेथें मान्य केलेलें आहे. अशा लेखकाच्या साक्षीस अधिक किंमत असते, हें कागदपत्रांत आयुष्य घालविलेल्यांस सांगावयास नको.

हा प्रबंध १९२७ मधला. तो १९२८ मध्यें एका जर्मन विद्युत्-अभियांत्रिकी नियतकालिकांत छापून आला. यंत्र लहान होतें. काचेची नळी ८८ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे सामान्य मेजावर सहज मावणारी. आंत विद्युत् दाब जोडलेली धातूची एकच नळी, आणि तिच्या दोन टोकांस दोन फटी. कण म्हणून पोटॅशियम व सोडियम यांचे आयन घेतले होते. दाब २५,००० व्होल्टांचा, आणि तो सेकंदास सुमारें दहा लाख वेळां आवर्तन करणारा. या आंकड्यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हें प्रस्तुत लेखकानें गणित करून पाहिलें. २५,००० व्होल्टांतून आलेला पोटॅशियमचा आयन सेकंदास सुमारें ३५० किलोमीटर वेगानें चालतो. दाब उलटण्यास अर्धें आवर्तन, म्हणजे सेकंदाचा वीस लाखावा भाग लागतो. तेवढ्या काळांत आयन सुमारें साडेसतरा सेंटिमीटर जातो. म्हणून लपण्याची नळी तेवढ्याच सुमाराची पाहिजे, आणि ८८ सेंटिमीटरांच्या काचेंत ती सुखानें बसते. सोडियमचा आयन हलका व म्हणून चपळ. तो तेवढ्याच वेळांत सुमारें तेवीस सेंटिमीटर जातो. तेव्हां त्याच नळींत त्यास चालवावयाचें तर कंप्रता सुमारें एकतृतीयांशानें वाढविली पाहिजे. म्हणजे दोन निरनिराळे आयन घेण्यानें तत्त्वाची दुहेरी परीक्षा होत होती.

आतां मुख्य मुद्दा. आयनास दोन्ही फटींत ढकल मिळाली, हें कशावरून ? कण डोळ्यांस दिसत नाहींत. दाबमापक यंत्र नळीवरचा दाब सांगेल. त्यांतून गेलेल्या कणाचें काय झालें तें सांगणार नाहीं. विडेरो यांनीं शलाका पुढें दोन समांतर पट्ट्यांमधून नेली. त्या पट्ट्यांस ठराविक दाब लावल्यावर शलाका एका बाजूस वळते, आणि ती किती वळली याची खूण पलीकडे ठेवलेल्या छायाचित्राच्या काचेवर उमटते. वळण जितकें कमी तितका कण अधिक दाबांतून आलेला. दाब दुप्पट तर वळण निम्में. या मापनावरून निकाल निघाला तो असा कीं, २५,००० व्होल्टांच्या यंत्रांतून बाहेर पडलेले आयन ५०,००० व्होल्टांतून आल्याप्रमाणें वागतात.

या पुराव्याची खरी ताकद वरवर पाहतां ध्यानांत येत नाहीं. कोणी हरकत घेईल कीं, काय सांगावें, हे आयन भलत्याच जातीचे असतील. अथवा एका आयनावर एकाऐवजीं दोन विद्युद्भार असतील, म्हणून एकाच फटींतून जाऊनहि त्याची ऊर्जा दुप्पट भरली असेल. चुंबकानें शलाका वळविली असती तर या हरकतीचें उत्तर देणें कठीण होतें, कारण त्या वळणांत कणाचें वस्तुमान आणि भार दोन्ही गुंतलेले असतात. विद्युत् क्षेत्रानें वळविलें असतां तसें होत नाहीं. कणावर दोन भार असले तर त्याची ऊर्जा दुप्पट होते हें खरें, पण त्यास वळविणारा जोरहि दुप्पट होतो, आणि वळण होतें तेवढेंच राहतें. कण जड असला तर तो हळू चालतो, पट्ट्यांमध्यें अधिक वेळ राहतो, आणि हिशेब पुन्हां जुळतो. तात्पर्य, हें वळण एकच गोष्ट सांगतें : कण एकूण किती दाबांतून आला. जात कोणती, भार किती, या चौकशीची त्यास गरज नाहीं. साक्षीदार असा निवडला कीं ज्यास उलटतपासणीचें भय नाहीं ! ही निवड विडेरो यांनीं याच हेतूनें केली असें म्हणण्याचा आमचा आग्रह नाहीं. पण पुराव्याचें बळ हेतूवर अवलंबून नसतें.

यावरून आमचें मत असें कीं, कल्पनेचें आद्यत्व इसिंग यांचें आणि रेषीय कणवेगवर्धकाचें आद्यत्व विडेरो यांचें. दोन्ही मान एकाच्याच पदरांत घालूं पाहणारे लोक या दोन गोष्टींचा घोटाळा करतात. 'एकच दाब दोनदां वापरतां येतो' हें विधान १९२४ मध्यें अनुमान होतें. १९२८ मध्यें तें मोजलेलें होतें. दोनदां वापरतां येतो तर तीसदां कां नाहीं, हें विचारण्याचा अधिकार त्या मापनानंतरच प्राप्त झाला.

आणि तो प्रश्न लगेच विचारलाहि गेला. १९२९ च्या आरंभीं अमेरिकेंत बर्कले येथें अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या हातीं हा लेख ग्रंथालयांत पडला. त्यांस जर्मन बेताचीच येत होती. त्यांनीं मजकुरापेक्षां आकृत्या व आंकडे पाहिले. तेवढ्यावरून त्यांस, शलाका सरळ नेण्याऐवजीं चुंबकानें वळवून त्याच फटींतून पुन्हां पुन्हां न्यावी, अशी कल्पना सुचली, आणि तींतून वर्तुळाकार वेगवर्धक निर्माण झाला. हें ऋण लॉरेन्स यांनीं १९५१ मध्यें दिलेल्या नोबेल व्याख्यानांत स्वतः मान्य केलें आहे. जातां जातां सूचीकारांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतों. विडेरो यांच्या लेखाच्या मथळ्याचा अर्थ 'उच्च विद्युत् दाब निर्माण करण्याच्या एका नव्या तत्त्वाविषयीं' असा आहे. त्यांत कण नाहींत, वेगहि नाहीं. केवळ मथळ्यावरून सूची करणाऱ्यानें हा लेख जनित्रांच्या खात्यांत टाकला असता आणि तो पुढें कोणास सांपडला नसता.

सरळ मार्गहि बर्कलेस सोडून दिला नव्हता. १९३१ मध्यें डेव्हिड स्लोन व लॉरेन्स यांनीं तीस नळ्या ओळीनें मांडून पाऱ्याच्या आयनांस १२,६०,००० व्होल्टांइतकी ऊर्जा दिली. वापरलेला दाब ४२,००० व्होल्टांचा. ४२,००० ला ३० नीं गुणून पाहावें. पै न् पै जुळते. तथापि पारा जड आणि मंद. प्रोटॉनासारखा हलका कण त्या काळच्या कंप्रतेवर चालवावयाचा तर नळ्या फारच लांब कराव्या लागत्या. म्हणून सरळ यंत्र मागें पडलें आणि वर्तुळाकार यंत्र पुढें गेलें.

स्वतः विडेरो तर हें काम सोडूनच गेले. १९२८ मध्यें ते बर्लिनमधील एका विद्युत् कारखान्यांत नोकरीस लागले आणि विद्युत्-जालाच्या संरक्षणाचीं साधनें करूं लागले. पुढें दुसऱ्या महायुद्धांत नॉर्वे जर्मनांच्या ताब्यांत असतां ते हॅम्बर्ग येथें गेले आणि १९४३-४४ मध्यें तेथें त्यांनीं वर्तुळाकार इलेक्ट्रॉन-वेगवर्धक बांधला. त्या वेळीं त्यांचे बंधु विगो हे जर्मनांच्या कैदेंत होते. युद्ध संपल्यावर रोल्फ विडेरो यांस मायदेशीं अटक झाली, चौकशी झाली आणि दंड झाला; नंतर ते स्वित्झर्लंडमध्यें गेले व १९९६ मध्यें तेथेंच वारले. त्यांच्या या वर्तनाविषयीं नॉर्वेंतील लोकांनीं काय म्हणावें तें त्यांचें त्यांनीं ठरवावें. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, १९४३ च्या दोषानें १९२८ चें मापन खोटें ठरत नाहीं, आणि १९२८ च्या मापनानें १९४३ चा दोष धुऊन निघत नाहीं. आपल्याकडेहि एखाद्या पुरुषाच्या उत्तरायुष्यावरून त्याच्या पूर्वीच्या अस्सल पत्रांची किंमत कमीजास्त करण्याची खोड आहे, म्हणून हें लिहावें लागलें.

सरळ यंत्रास पुन्हां दिवस आले ते महायुद्धानें. रडारसाठीं फार उच्च कंप्रतेचे तरंग निर्माण करण्याचीं साधनें तयार झालीं. त्यांतील क्लायस्ट्रॉन हें साधन स्टॅनफर्ड येथें व्हेरियन बंधूंनीं १९३७ मध्येंच काढलें होतें. १९४६ मध्यें इंग्लंडांत माल्व्हर्न येथें फ्राय यांनीं व १९४७ मध्यें स्टॅनफर्ड येथें हॅन्सन यांनीं इलेक्ट्रॉनांसाठीं, आणि १९४७ मध्यें बर्कले येथें अल्व्हारेझ यांनीं प्रोटॉनांसाठीं सरळ यंत्रें चालविलीं. अल्व्हारेझ यांचें यंत्र चाळीस फुटांचें; त्यांतून ३ कोटि २० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन निघत. हा इतिहास अन्यत्र विस्तारानें आलेला आहे.

आमच्या मुद्द्यास धरून जें सांगावयाचें तें स्टॅनफर्डच्या पुढील यंत्राविषयीं. हें दोन मैलांचें, म्हणजे सुमारें ३ किलोमीटरांचें, आणि दहा दहा फुटांच्या ९६० तांब्याच्या नळखंडांचें. एवढ्या लांबीवर ओळ सरळ आहे कीं नाहीं हें मोजण्यासाठींच सर्व नळखंडांच्या खालून एक दोन फूट व्यासाची निर्वात नळी नेली होती. तिच्या एका टोकास लेसर, आणि जागोजाग प्रकाश एकवटणाऱ्या जाळ्या होत्या. एका वेळीं एकच जाळी प्रकाशाच्या वाटेंत उतरवावयाची आणि तिचा बिंदु टोकाशीं कोठें पडतो तें पाहावयाचें. यंत्राचे तीस विभाग. प्रत्येक विभागाच्या शेवटीं शलाकेंतील विद्युत् प्रवाह आणि तिचें स्थान मोजणारीं साधनें.

१९६६ च्या मे महिन्यांत शलाका प्रथम संपूर्ण लांबी चालून गेली. पण त्याच सुमारास एक चमत्कार दिसूं लागला. शलाका अखंड नसते. सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या मापाचे स्पंद एकामागून एक सोडले जातात. प्रवाह थोडा असतां संपूर्ण स्पंद शेवटापर्यंत पोंचे. प्रवाह एका मर्यादेपलीकडे वाढविला, कीं आरंभीच्या विभागांत मापन ठीक, आणि पुढच्या विभागांत स्पंदाची शेंपटी नाहींशी ! तोंड शाबूत, शेंपूट गेलें. प्रवाह आणखी वाढवावा तों स्पंद आणखी आंखूड होई. यंत्र कोठें तुटलें नव्हतें, ओळहि वांकडी नव्हती.

विभागाविभागाच्या या नोंदींवरूनच कारण सांपडलें. स्पंदाचे पुढचे इलेक्ट्रॉन अक्षापासून किंचित् जरी ढळलेले असले तरी ते तांब्याच्या कोठड्यांत एक आडवा तरंग उठवितात. यंत्राचा स्वतःचा तरंग सेकंदास २८५ कोटि ६० लाख आवर्तनांचा. हा उपरा तरंग सुमारें ४१४ कोटींचा. मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांस तो बाजूस ढकलतो, ते अधिक ढळतात आणि पुढच्या कोठड्यांत अधिक मोठा तरंग उठवितात. असें वाढत वाढत शेवटीं शेंपटीचे कण भिंतीवर जाऊन आदळतात. उपाय दोन केले. शलाकेस आवरून धरणारे चुंबक वाढविले; आणि कांहीं नळखंडांच्या आरंभीच्या कोठड्यांस बाहेरून दाबून मुद्दाम पोंचे पाडले. पोंचे पाडल्यानें त्या त्या कोठडीच्या उपऱ्या तरंगाची कंप्रता थोडी बदलते, आणि सर्व नळखंड एका सुरांत बोलत नाहींसे होतात. ज्या तांब्याची घडण सर्व कसब खर्चून केली, त्यासच हेतुपुरस्सर पोंचे पाडण्याचें धैर्य केवळ मापनावरील विश्वासानेंच येऊं शकतें.

याच यंत्राच्या टोकाशीं पुढें मापनाचा एक विलक्षण प्रयोग झाला. दोन शलाका समोरासमोर आदळावयाच्या तर त्या अत्यंत बारीक पाहिजेत. बारीकपणा मोजण्याची रूढ रीत म्हणजे कार्बनचा सूक्ष्म तंतु शलाकेंतून आडवा नेणें व किती किरण उधळतात तें मोजणें. पण शलाका तंतूहून पुष्कळच बारीक झाली म्हणजे ? पहारीनें केसाची जाडी मोजावी तसा तो प्रकार. जपानांतील त्सुमोरु शिंताके यांनीं युक्ति काढली ती अशी : लेसरचे दोन किरण समोरासमोरून आणून एकमेकांत मिळवावे, म्हणजे तेथें उजेड व अंधार यांचे पट्टे एकाआड एक उमटतात. पट्ट्यांमधील अंतर सुमारें अर्धा मायक्रोमीटर. या पट्ट्यांतून शलाका जाऊं द्यावी. इलेक्ट्रॉन उजेडावर आदळले कीं गॅमा किरण निघतात, अंधारांत निघत नाहींत. पट्टे हळूहळू सरकवावे. शलाका बारीक असेल तर किरणांची संख्या जोरानें खालींवर होईल, जाड असेल तर ती एकाच वेळीं उजेड-अंधार दोन्ही व्यापील आणि संख्या जवळजवळ स्थिर राहील. या उजेडाच्या मोजपट्टीनें १९९४ मध्यें स्टॅनफर्डच्या शलाकेची उंची सुमारें ७० नॅनोमीटर भरली, म्हणजे एका मिलिमीटराच्या चौदा हजाराव्या भागाइतकी. येथेंहि क्रम तोच. मोजण्याचें साधन हातीं येईपर्यंत शलाका एवढी बारीक झाली आहे, असें म्हणण्याचा अधिकार कोणास नव्हता.

नांवाचा प्रश्न तेवढा राहिला. एकाआड एक नळीस दाब जोडण्याच्या रचनेस यंत्रशास्त्राच्या ग्रंथांत विडेरो-रचना असेंच म्हणतात. जर्मनींत डार्मस्टाट येथें जड आयनांचा जो रेषीय वेगवर्धक १९७५ पासून चालूं झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यांत हीच रचना होती, आणि पोटॅशियमच्या जागीं तेथें युरेनियमपर्यंतचे आयन चालत. तो टप्पा १९९९ मध्यें काढून त्या जागीं नव्या प्रकारची रचना बसविण्यांत आली.